अंड्यातल्या पाण्याचा हिशेब

पिल्लू होण्यासाठी अंड्याला आधी हलकं व्हावं लागतं. उबवायला ठेवताना ४५ ग्रॅम भरलेलं गावरान अंडं अठराव्या दिवशी ३९-४० ग्रॅमवर आलं असेल, तर आतल्या जिवाचं बहुधा ठीक चाललं आहे. ते ४३ ग्रॅमवरच अडकलं असेल तर आत पाणी जास्त राहिलंय आणि ३७ पर्यंत घसरलं असेल तर अंडं गरजेपेक्षा जास्त सुकलंय. दोन्हींत पिल्लू पूर्ण वाढूनही कवचाच्या आतच मरू शकतं. घरच्या इन्क्युबेटरमध्ये पहिल्यांदा अंडी लावलेल्या अनेकांनी हे पाहिलं आहे. एकविसावा दिवस उलटतो, बाविसावा जातो, शेवटी धीर करून अंडं फोडावं तर आत पिसांसकट तयार पिल्लू निपचित पडलेलं असतं. मग दोष तापमानाला दिला जातो, विजेला दिला जातो, अंडी देणाऱ्यालाही दिला जातो. पाण्याचं नाव सहसा कोणी घेत नाही.

कोंबडीच्या अंड्याच्या कवचावर सुमारे दहा हजार सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून प्राणवायू आत जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि रोज थोडं थोडं पाणी उडून जातं. जेवढं पाणी जातं तेवढी बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. पिल्लाचा फुप्फुसांनी घेतलेला पहिला श्वास याच पोकळीतल्या हवेचा असतो. पाणी कमी उडालं तर पोकळी लहान राहते, पिल्लू सुजल्यासारखं होतं आणि त्याला मान फिरवायला जागा उरत नाही. जास्त उडालं तर आतला पापुद्रा चामड्यासारखा होऊन अंगाला चिकटतो. अठरा दिवसांत मूळ वजनाच्या ११ ते १३ टक्के घट व्हावी, एवढ्याच पट्ट्यात सगळं जमून येतं.

कोकणात, पुण्याच्या आसपास आणि वऱ्हाडात घरगुती यंत्रं बघत, माणसांशी बोलत फिरलो, तेव्हा माझ्या मनात हळूहळू एक गोष्ट पक्की होत गेली. उष्णता हा या कामातला सोपा भाग आहे. चारशे-पाचशे रुपयांचं सामान आणि थोडी काळजी एवढ्यावर ती साधते. हवेतलं पाणी अवघड आहे, कारण ते गावागणिक, महिन्यागणिक वेगळं असतं आणि यंत्राबरोबर आलेल्या माहितीपत्रकाला आपलं गाव माहीत नसतं.

खुडूक कोंबडी हे सगळं न मोजता सांभाळते. तिच्या पोटाखालची पिसं झडतात, तिथली उघडी, उबदार कातडी थेट कवचाला लागते. तिच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, अंड्याला त्याहून थोडी कमी ऊब मिळते. दिवसभरात ती चोचीनं, पायानं अंडी कितीदा तरी फिरवते, कडेची मध्ये घेते, मधली कडेला सारते. दिवसातून एकदा वीसेक मिनिटं उठते, दाणापाणी करते, मातीत लोळते आणि परत येऊन बसते. टोपलीत राख आणि पिंजर घालून तिला रवणीला बसवणाऱ्या बायकांना दहा-बारा अंड्यांचा नेम पाठ असतो. त्याहून जास्त अंडी तिच्या पंखांखाली मावत नाहीत. काही घरांत टोपलीत कोळसा किंवा लोखंडाचा तुकडाही टाकतात, विजेच्या कडकडाटानं अंडी वाया जाऊ नयेत म्हणून. त्या कोळशाचा उपयोग होतो असं मला वाटत नाही. पण टोपली कुठल्या कोपऱ्यात ठेवायची, ऊन कुठं येतं, ओल कुठं धरते याबद्दल त्याच बायकांचा अंदाज कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा नेमका असतो. त्या कोपऱ्याची हवा त्यांच्या अंगवळणी पडलेली असते.

मग यंत्र कशाला, हा प्रश्न रास्त आहे. गावरान कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. एकवीस दिवस बसणं, पुढे दोन-अडीच महिने पिल्लं फिरवणं, एवढा काळ तिची अंडी बंद. वर्षाला साठ-सत्तर अंडी हातात आली तरी पुष्कळ. दुसरीकडे, लेगहॉर्नपासून तयार झालेल्या संकरित कोंबड्या वर्षाला तीनशेच्या वर अंडी देतात, पण त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना खुडूक होण्याचा स्वभावच काढून टाकलेला आहे. रवणीला बसवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक अंडी घालणं थांबवतं, आणि व्यवसायाला ते परवडत नाही. झाबुआची कडकनाथ आपल्याकडे पसरली, तिचीही मादी रवणीला फारशी टिकून बसत नाही. म्हणजे अंडी देणारी आहे पण उबवणारी नाही, अशी अवस्था अनेक घरांत आली. २०१९च्या पशुगणनेत देशात ८५ कोटी कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यांतली ३१ कोटी ७० लाख परसातली होती आणि परसातल्यांचा आकडा २०१२च्या तुलनेत जवळपास ४६ टक्क्यांनी वाढलेला होता. या वाढीत सरकारी अंडी उबवणी केंद्रांतून वाटलेली पिल्लं आहेत, वनराजा-गिरिराजासारखे सुधारित वाण आहेत, आणि थर्मोकोलच्या खोक्यात घरी काढलेली पिल्लंही आहेत.

अंड्यांची निवड यंत्राच्या आधी येते. किराणा दुकानातली पांढरी अंडी उबत नाहीत, कारण ती देणाऱ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये कोंबडाच नसतो. आठ-दहा माद्यांमागे एक तरतरीत कोंबडा असलेल्या घरची अंडी घ्यावीत. एकदा संयोग झाला की मादी आठवडा-दीड आठवडा फलित अंडी देत राहते, शुक्रजंतू तिच्या अंडनलिकेतल्या बारीक नळ्यांत साठवलेले असतात. सुधारित वाणांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ते संकरातून आलेले असल्यानं त्यांच्या अंड्यांतून आईबापांसारखीच पिल्लं निघतील याची खात्री नसते. रंगात, वाढीत, अंड्यांच्या संख्येत फरक पडतो. जातिवंत गावरान किंवा कडकनाथ घेतली तर पुढची पिढी तिच्यासारखी येते.

अंडी साठवण्यात आपल्या हवामानाचा पहिला फटका बसतो. पुस्तकं सांगतात, १५ ते १८ अंशांत ठेवा, आठवड्याच्या आत लावा. एप्रिलमध्ये परभणीत किंवा जळगावात १८ अंश कुठून आणायचे? फ्रिजमधली चार-पाच अंशांची थंडी बीजाला मारते, म्हणून फ्रिज बाद. आणि खोलीत ३२-३४ अंश असतील तर वेगळाच घात होतो. साधारण २० अंशांच्या वर फलित अंड्यातली वाढ अगदी धिमेपणानं सुरू होते. उबवण्याइतकी ऊब नाही, झोपून राहण्याइतका गारवा नाही, अशा मधल्या तापमानात तो इवलासा जीव अर्धवट वाढतो, थकतो आणि यंत्रात जाण्याआधीच संपतो. सातव्या दिवशी उजेडासमोर धरल्यावर अंडं रिकामं दिसतं आणि आपण कोंबड्याला बोल लावतो. उन्हाळ्यात अंडी लावायचीच असतील तर माठाच्या बुडाशी, ओल्या फडक्याच्या गारव्यात ठेवून तीन-चार दिवसांत लावावीत. निमुळतं टोक खाली, बोथट वर. धुऊ नयेत. धुतल्यानं कवचावरचा नैसर्गिक लेप निघून जातो आणि छिद्रांतून जंतू आत शिरतात. लांबून प्रवास करून आलेल्या अंड्यांना लावण्याआधी निदान बारा तास निवांत ठेवावं.

आता यंत्र. बाजारातलं तयार असो की घरी केलेलं, रचना तीच: ऊब धरणारं खोकं, बल्ब किंवा तार, तापमान पाहून ती चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट, हवा फिरवणारा पंखा, पाण्याची वाटी आणि हवेसाठी भोकं. औषधाच्या दुकानाबाहेर टाकलेलं थर्मोकोलचं खोकं, जुन्या संगणकातला पंखा आणि डब्ल्यू १२०९ नावाचं छोटं सर्किट यांतून उत्तम यंत्रं झालेली मी पाहिली आहेत. बल्ब मात्र पिवळा, तारेचा लागतो. एलईडी उजेड देतो, ऊब जवळजवळ देत नाही, आणि तारेचा बल्ब आता शोधून आणावा लागतो.

पंखा असेल तर ३७.५ अंश सेल्सिअस. पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या पातळीवर ३८.३ ते ३८.८, कारण स्थिर हवेत वर गरम आणि खाली गार असे थर पडतात. यंत्रावरच्या लाल आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. घरात ताप मोजायचा थर्मामीटर असतो. ३७.५ अंश म्हणजे ९९.५ फॅरनहाइट, त्याच्या पट्ट्यात बसणारा आकडा. तो थर्मामीटर आत ठेवून दोन्ही आकडे ताडून पाहिले की फरक कळतो. चूक व्हायचीच असेल तर गारव्याच्या बाजूनं व्हावी. अर्धा अंश कमी पडलं तर पिल्लं उशिरा येतात. दोन-अडीच अंश जास्त झालं तर काही तासांत सगळी लावणी जाते.

तापमानाचं एवढं केलं की ते काम मार्गी लागतं. अवघड प्रश्न पुढे आहे.

माहितीपत्रकात लिहिलेलं असतं: पहिले अठरा दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. आकडे बरोबर आहेत. पण ते गाठण्यासाठी वाटीत किती पाणी घालायचं हे बाहेरच्या हवेवर ठरतं, आणि त्याचं गणित सरळ आहे. हवा तापली की तिची पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढते, म्हणून तेवढ्याच पाण्यात तिची टक्केवारी खाली येते. कुडाळचा जुलै घेऊ. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के. हीच हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापली की ५० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे वाटी कोरडी असतानाच हवी ती आर्द्रता तयार. अशा दिवसांत सूचनेबरहुकूम पाणी भरलं तर आकडा सत्तरीत जातो आणि अंडी सुकतच नाहीत. कोकणात पावसाळ्यात लावलेल्या अंड्यांतून पूर्ण वाढलेली, सुजलेली, मेलेली पिल्लं निघतात त्यामागे बरेचदा हे भरलेलं पाणी असतं.

आता पुण्यातला डिसेंबर. पहाटे १४ अंश, ६० टक्के. अंगाला ही हवा दमट वाटते, गवतावर दव असतं. तीच ३७.५ पर्यंत तापवली की उरते १५ टक्क्यांच्या घरात. कुडाळच्या जुलैत जी वाटी नको होती ती इथं एक पुरत नाही, दोन लागतात. थंडी म्हणजे ओल, अशी आपली समजूत इथं दगा देते. यंत्राच्या आतून पाहिलं तर दख्खनची थंडी म्हणजे कोरडा दुष्काळ आहे.

आणि अकोल्याचा मे. ४२ अंश, १५ टक्के. इथं गणित वेगळ्याच जागी अडतं. खोलीच यंत्रापेक्षा तापलेली असते. घरगुती इन्क्युबेटर तापवू शकतो, थंड करू शकत नाही. थर्मोस्टॅट बल्ब बंद करतो, तरी आतला पारा चढतच राहतो. वऱ्हाडात मला ठामपणे सांगणारी माणसं भेटली की एप्रिल-मेमध्ये अंडी लावायचीच नाहीत, आणि त्यांचं म्हणणं पदार्थविज्ञानानं तपासलं तरी खरं ठरतं. दिवाळीनंतरचे तीन-चार महिने हा पहिल्या प्रयत्नासाठी महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी चांगला काळ. पाणी जास्त द्यावं लागतं, पण पाणी देणं आपल्या हातात असतं. गारवा देणं नसतं.

पाणी देण्यातही एक बारकावा आहे. आर्द्रता पाण्याच्या खोलीवर ठरत नाही, उघड्या पृष्ठभागावर ठरते. अर्धा लिटरची उंच बरणी निरुपयोगी आणि पसरट ताटली गुणकारी. ताटलीत स्पंज किंवा सुती फडकं उभं केलं की पृष्ठभाग आणखी वाढतो. कमी करायची असेल तर ताटली लहान करावी. हवेची भोकं मात्र कधीच पूर्ण बुजवू नयेत, कारण वाढणारा जीव दिवसागणिक जास्त प्राणवायू घेतो.

स्वस्तातला आर्द्रतामापक पाच-दहा टक्क्यांनी सहज चुकतो. तो तपासायला स्वयंपाकघरातलं मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यावं, त्यात थोडं पाणी घालून ओलसर लगदा करावा, झाकण आणि मापक एका घट्ट डब्यात बंद करून रात्रभर ठेवावेत. अशा डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ६८ दाखवत असेल तर तो सातनं कमी दाखवतो, एवढं लक्षात ठेवून पुढे वापरावा.

तरीही खरा न्याय अंड्याचं वजनच देतं. मसाल्याच्या काट्यावर सगळी अंडी एकत्र तोलावीत. दहा अंडी ४५० ग्रॅम भरली तर सातव्या दिवशी ४३०च्या आसपास, चौदाव्याला ४०९-४१०, अठराव्याला ३९६-३९७ यावीत. घट कमी असेल तर पाणी कमी करायचं, जास्त असेल तर वाढवायचं. रत्नागिरी असो की चंद्रपूर, हा काटा सगळीकडे एकच उत्तर देतो. ज्यांच्या यंत्राशेजारी मी असा काटा आणि वजनं लिहिलेला कागद पाहिला, त्यांना आपली लावणी कुठं बिघडली आणि पुढच्या खेपेला काय बदलायचं ते नेमकं सांगता येत होतं. बाकीचे नशिबाबद्दल बोलत होते.

यंत्रांशिवाय, आकड्यांशिवाय हे काम हजारो वर्षं मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे, हेही इथं आठवायला हवं. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या भट्ट्या असत. मधून बोळ, दोन्ही बाजूंना दुमजली खोल्या, खाली अंडी आणि वर शेण-गवताची धुमसती आग. पिढीजात कारागीर त्यांतच वावरत आणि अंडं पापणीला लावून त्याची ऊब ओळखत. पापणीची कातडी पातळ असते, तिला बारीक फरक कळतो. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ग्रीक इतिहासकार डायोडोरसनं या उबवणीबद्दल लिहिलं. अठराव्या शतकात फ्रान्सच्या रेओम्युरनं, ज्याच्या नावानं तापमापनाची एक पट्टी चालत असे त्यानं, या भट्ट्यांचा अभ्यास करून १७४९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि आपल्या देशात तो प्रयोग करून पाहिला. थर्मामीटरवर हुकमत असलेल्या त्या शास्त्रज्ञाला थर्मामीटर न वापरणाऱ्यांची विद्या शिकावीशी वाटली, याचं मला फार मोल वाटतं.

यंत्र लावल्यावर दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी फिरवायची. विषम आकडा अशासाठी, की रात्रीचा मोठा पल्ला रोज त्याच कुशीवर जाऊ नये. एका बाजूला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या बाजूला गोल. न फिरवल्यास पिवळा बलक वर तरंगत पापुद्र्याला टेकतो, भ्रूण तिथं चिकटतो आणि पुढे पांढऱ्यातलं पोषणही त्याला नीट घेता येत नाही.

सातव्या दिवशी, अंधाऱ्या खोलीत, मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरून पाहायचं. ज्यानं हे कधी पाहिलं नाही त्याला मी एवढंच सांगेन की घरातल्या मुलांना हाक मारा. लालसर उजेडात एका काळ्या ठिपक्यापासून चहूकडे रक्तवाहिन्या पसरलेल्या दिसतात आणि तो ठिपका हलतो. रिकामं अंडं सगळीकडून सारखं पिवळं दिसतं. वाहिन्यांऐवजी नुसतं लाल कडं दिसलं तर जीव सुरू होऊन थांबलेला आहे. अशी अंडी काढून टाकावीत, ती सडून फुटली तर शेजारची अंडीही नासतात. शंका असेल ते मात्र चौदाव्या दिवसापर्यंत राहू द्यावं. गडद कवचातलं पहिल्या फेरीत नीट दिसत नाही.

हृदय तर त्याच्याही आधी, दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस धडधडू लागलेलं असतं. ॲरिस्टॉटलनं ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात वेगवेगळ्या दिवसांची अंडी फोडून पाहिली आणि तिसऱ्या दिवशी रक्ताच्या ठिपक्यासारखं हलणारं हृदय नोंदवलं. १६७२ मध्ये इटलीच्या माल्पिगीनं सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्याही आधीच्या अवस्था रेखाटल्या. आपल्या पुण्यातही या अंड्यानं मोठं काम करून घेतलेलं आहे. एडिंबरोमध्ये भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे संशोधन करून आलेल्या डॉ. लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीच्या भ्रूणावरच्या प्रयोगांची परंपरा उभी केली. कवचाबाहेर काढलेला भ्रूण काचेच्या भांड्यात वाढवून त्याच्या अवयवांना आकार कसा येतो हे तिथं अभ्यासलं गेलं. आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांनीही कोंबडीचा भ्रूण हा आपल्या अभ्यासाचा मोठा भाग ठेवला. आपल्या शाळांच्या पुस्तकांत या मंडळींची ओळख नसावी, याची मला खंत वाटते. मोबाइलच्या उजेडात हलणारा ठिपका पाहणाऱ्या मुलीला हे कळलं पाहिजे की याच ठिपक्यामागे आयुष्य घालवणारी एक बाई पुण्यात होऊन गेली.

वीज गेली तर? खेड्यांत हा प्रश्न पहिला येतो, आणि भीती आहे त्याहून थोडी कमी बाळगावी. कोंबडी रोज उठतेच. पहिल्या आठवड्यात दोन-तीन तासांचा गारवा भ्रूण बहुधा सोसतो, वाढ थोडी लांबते. झाकण उघडू नये, वरून घोंगडी किंवा गोधडी टाकावी, हवेची भोकं मोकळी ठेवावीत, आणि लांबलं तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवाव्यात. दुसऱ्या पंधरवड्यात भ्रूण स्वतःच उष्णता निर्माण करू लागतो. भरलेल्या खोक्याला ती ऊब काही काळ पुरते.

अठराव्या दिवशी फिरवणं थांबतं, पाणी वाढवायचं आणि झाकण बंद. पहिल्यांदा उबवणाऱ्याची परीक्षा इथून सुरू होते, कारण आता काही करायचं नसतं. आतलं पिल्लू मात्र कामात गुंतलेलं असतं. ते डोकं बोथट टोकाकडे, उजव्या पंखाखाली घेऊन बसलेलं असतं. उरलेला बलक पोटात ओढून घेतं. चोचीच्या टोकावर एक कठीण कण उगवलेला असतो आणि मानेमागचा एक स्नायू या एकाच कामासाठी फुगलेला असतो. आधी ते हवेच्या पोकळीचा पडदा फोडतं आणि श्वास घेतं. तेव्हा बंद अंड्यातून चिवचिव ऐकू येते. मग कवचावर तारेच्या आकाराची पहिली चीर पडते. त्यानंतर बारा, अठरा, कधी चोवीस तास काहीच घडत नाही.

घडत नाही असं आपल्याला दिसतं. आत पापुद्र्यातल्या वाहिन्यांमधलं रक्त हळूहळू पिल्लाच्या अंगात परतत असतं आणि बेंबीतून बलक पूर्ण आत जायचा असतो. या वेळी कळवळून कवच सोललं तर वाहिनी तुटते, रक्त येतं आणि जे पिल्लू रात्री आपण होऊन बाहेर आलं असतं ते दुपारी आपल्या हातात जातं. झाकण उघडण्याचंही तसंच आहे. आतली दमट हवा एका क्षणात निघून जाते, अर्धवट फुटलेल्या अंड्यांचे पापुद्रे आकसतात आणि आतल्या पिल्लांना जखडून टाकतात. डिसेंबरच्या कोरड्या हवेत तर हे फार वेगानं होतं. पहिली चीर पडल्यापासून पूर्ण एक दिवस हात लावू नये, यावर मी ठाम आहे. त्यानंतरही मदत करायची की नाही हा प्रत्येकाच्या मनाचा प्रश्न आहे. काही पिल्लं उलटी, निमुळत्या टोकाकडे डोकं करून वाढलेली असतात, त्यांना वाट मिळत नाही. सगळ्यांना वाचवता येत नाही, हे दुःख मुलांपासून लपवू नये असं मला वाटतं.

विश्रांतीनंतर पिल्लू अंड्यात गोल फिरत कवचाची टोपी कापतं आणि पायांनी रेटून बाहेर येतं. ओलं, दमलेलं, कुरूप दिसणारं. ते बाहेर चिवचिवत असतं तेव्हा शेजारची अंडीही हलू लागतात. पिल्लांचे आवाज एकमेकांची वेळ जुळवतात. १९६०च्या दशकात मार्गारेट व्हिन्स यांनी लाव्यांच्या अंड्यांवर हे प्रयोगानं दाखवून दिलं: एकमेकांना टेकलेली अंडी आवाजांमुळे जवळजवळ एकाच वेळी फुटतात. बाहेर आलेलं पिल्लू सुकेपर्यंत यंत्रातच राहू द्यावं. पोटातला बलक त्याला दोन दिवस सहज पुरतो, दाण्याची घाई नसते.

त्यानंतर ब्रूडर, म्हणजे पुठ्ठ्याचं मोठं खोकं आणि वर दिवा. पहिला आठवडा ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लंच नीट सांगतात: दिव्याखाली गोळा होऊन ओरडत असतील तर थंडी, कडेला पळून चोच उघडी टाकत असतील तर उकाडा, सगळीकडे पसरून टिपत असतील तर ठीक. खाली वर्तमानपत्र घालू नये, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात ते पुढे सरळ होत नाहीत. गोणपाट किंवा भाताचं तूस बरं. पाण्याच्या ताटलीत गोट्या टाकाव्यात, नाहीतर पिल्लं त्यात पडून बुडतात.

रोगांचं भान पहिल्या आठवड्यातच ठेवावं लागतं. मानमोडी, म्हणजे रानीखेत, आली की खुराडंच्या खुराडं रिकामं होतं. तिची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो या रोगाची. लसीची एक कुपी शंभर किंवा जास्त पिल्लांची असते, ती फोडली की लगेच वापरावी लागते. म्हणून आळीतल्या चार घरांनी एकाच सुमारास अंडी लावली आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस एकत्र आणली तर सगळ्यांचंच भलं होतं. २००६च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लू देशात प्रथम सापडला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ मध्ये तो नवापुरात पुन्हा आला. परसातली पाच पिल्लंही या साखळीत असतात. अचानक मरतूक झाली तर मेलेले पक्षी उकिरड्यावर न टाकता दवाखान्यात कळवणं हे प्रत्येकाचं काम आहे.

आणि नरांचं काय? निघालेल्या पिल्लांतली साधारण निम्मी नर असतात. दोन-अडीच महिन्यांत त्यांना तुरे येतात, ती आरवू लागतात, आपसात भांडतात. अंड्यांच्या मोठ्या उद्योगात नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीनं २०२२च्या सुरुवातीपासून त्यावर बंदी आणली. घरी उबवताना हा निर्णय आपल्यावर येतो, आणि तो अंडी मांडण्याआधी घरात बोलून घ्यायला हवा. खाणार आहोत का? विकणार आहोत का? ज्या मुलानं पिल्लाला नाव दिलंय त्याला काय सांगणार? शहरातल्या सोसायटीत पहाटे चारला आरवणारा कोंबडा शेजारी किती दिवस सहन करतील? या प्रश्नांना उत्तर नसेल तर यंत्र आणू नये.

शक्य असेल तर पिल्लांना आई द्यावी. वस्तीत एखादी कोंबडी खुडूक होऊन बसलेली असतेच, रिकाम्या अंड्यांवर किंवा नुसत्याच पिंजरावर. रवणीला बसून तिला दोन-तीन आठवडे झालेले असावेत आणि पिल्लं दोन दिवसांच्या आतली असावीत. अंधार पडल्यावर, दिवा न लावता, एकेक पिल्लू मागच्या बाजूनं तिच्या पंखाखाली सरकवायचं आणि तिच्याखालची अंडी तेवढ्याच सावकाश काढून घ्यायची. सकाळी लवकर जाऊन बघायचं. ती टोच मारत असेल तर पिल्लं उचलून परत ब्रूडरमध्ये. कुकुक करत त्यांना दाणा दाखवत असेल तर दिवा काढून ठेवायला हरकत नाही. घार आणि मुंगूस यांचं मात्र तिच्या एकटीवर सोडू नये, पहिले पंधरा दिवस डालं झाकूनच ठेवावं.